एकशे दहाच्या आत

डॉक्टर मॅडमच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं. पांढरे बूट घातलेला एक माणूस बागेतून चालतोय, दात दाखवतोय, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हृदयासाठी चाला'. मी पत्रकं लिहिते. मासे विकणाऱ्या बायकांच्या संघटनेचं काम करते, त्यामुळे भिंतीवर चिकटवलेलं काहीही मी आधी भांडायच्या तयारीनेच वाचते. हे वाचलं आणि शेजारी बसलेल्या बाबांच्या पायांकडे बघितलं. त्या पायांत बूट कधी गेलेच नाहीत. टाचा चिरलेल्या, बोटं फाकलेली, ओल्या फळीला धरून उभं राहायला शिकलेली. चित्र काढणाऱ्याने असे पाय कधी बघितले नव्हते, एवढं नक्की.

बाबा तांडेल. म्हणजे मिरकरवाड्याच्या जेटीवरून सुटणाऱ्या आमच्या बोटीचे म्होरके. सुकाणू त्यांच्या हातात, आणि जाळं कुठे टाकायचं हा शब्दही त्यांचाच. शिमगा आटोपून आठवडा झाला असेल, बोटीवरून माशांचे क्रेट उतरवताना ते एकदम खाली बसले. घामाने भिजले होते आणि "डावा हात जड झालाय" एवढंच म्हणत होते. पुढचं सगळं भराभर झालं. रिक्षा, दवाखाना, छातीतली तुंबलेली नळी उघडून तिच्यात बसवलेली जाळी. "जन्मभर मी टाकली, आता माझ्यातच टाकली," असं खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा हसली आणि मग रडली.

नंतर दीड महिना घरात. येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा, "आता आराम करा." चोपन्न वर्षांच्या माणसाला! आराम म्हणजे नक्की काय करायचं, किती दिवस, आणि त्यानंतर काय, हे एकानेही सांगितलं नाही. बोट बाबांची आणि माझ्या काकांची, दोघांची मिळून आहे. काकासुद्धा म्हणाले, "दादा, तू आराम कर, मी बघतो." आणि आठ दिवसांत कानावर आलं की त्यांनी दुसऱ्या वाडीतल्या एका तांडेलाशी बोलणं करून ठेवलंय. मी तडक भांडायला निघाले होते. बाबांनी हात धरला.

"त्याचा काय चुकला? बोट काय माझ्या छातीसाठी थांबेल?"

म्हणून त्या दिवशी दवाखान्यात आमच्याकडे एकच प्रश्न होता. ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठते. तेव्हा बाबा सुकाणूवर असणार की नाही?

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आधी व्यायाम. रोज चाला."

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"कुठेही. घराजवळ."

"पण कशाला?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बाबा अगदी मनापासून विचारत होते. आमच्या वाडीत कोणी उगाच चालत नाही. माणूस जेटीवर जातो, बाजारात जातो, मयताला जातो. रिकाम्या हाताने निघालेला आणि रिकाम्या हातानेच परत आलेला माणूस घरात भांडण झालेला तरी असतो, नाहीतर प्यायलेला. "लोक इचारतील ना, तांडेल कुठं निघाला? मी काय सांगू, कुठंच नाय म्हणून?" बाबा म्हणाले. मग, "पोहू का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी गृहीत धरलं होतं की नाही म्हणणार, आणि माझं भाषण तयार होतं. पण त्या विचार करत राहिल्या आणि मग एकेक अट सांगत गेल्या. समुद्रात नाही, खाडीतही नाही, तलावात. एकट्याने नाही. एक फेरी झाली की थांबायचं आणि ठोके मोजायचे. "तुम्हाला जी गोळी दिलीय ती ठोके कमीच ठेवते. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा तुम्हाला चालणार नाही. तुमची रेघ एकशे दहा. मिनिटाला एकशे दहाच्या वर गेलात की पाण्याबाहेर. छातीत जरा जरी दाटलं, तर आकडा कितीही असो, बाहेर. आणि सगळं लिहून ठेवायचं. जुलै संपताना मशीनवर चालवून तपासणी करू, वही बघू आणि मग बोटीचं बोलू."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "एकशे दहा म्हणजे काय, निजल्यासारखाच झाला." ते खूश होते. पोहायची परीक्षा आणि तीही त्यांना!

तलाव गावाबाहेर, एका संस्थेचा, पंचवीस मीटरचा, वर पत्र्याचं छप्पर. दारातच फलक होता: हृदयविकार, फिट्स आणि त्वचारोग असणाऱ्यांना मनाई. बस्स. मी तिथेच बसून वहीत पाच पानं लिहून काढली. समुद्राच्या माणसाला टाकीत शिरायला बंदी घालणारे तुम्ही कोण, इथपासून माझी सुरुवात होती. तलावावर शाळेतून निवृत्त झालेले एक पी.टी.चे सर होते, गळ्यात शिट्टी, अंगात भोकं पडलेला बनियन. त्यांनी पहिलं पान अर्ध्यापर्यंत ऐकलं.

"डॉक्टरची चिठ्ठी आहे?"

"आहे, पण मुद्दा तो नाही."

"माझा मुद्दा तोच आहे. चिठ्ठी द्या, भाषण घरी न्या."

चिठ्ठी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, फलकाखालच्या खिळ्याला अडकवली आणि बाबांना म्हणाले, "या. पण पाण्यात मी सांगेन ते." मला आजही वाटतं, तो फलक चूक आहे. पण सर चूक नव्हते, आणि हे मान्य करायला मला महिना लागला.

मोजायचं कसं, हा पहिला घोळ. मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने त्याचं ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं होतं. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो आणि समोर आकडा येतो. जमिनीवर छान चालायचं. बाबा पाण्यात उतरले की त्याला वेड लागायचं. एकदा चव्वेचाळीस, लगेच एकशे सत्तर, मग नुसत्या दोन रेघा. पहिल्या दिवशी एकशे सत्तर बघून मी किंचाळले. सरांनी बाबांना बाहेर ओढलं तर बाबा म्हणतात, "काय झाला? मी बरा हाय की."

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. पट्टा मनगटावर बांगडीसारखा फिरत होता. मी रोज घट्ट करायचे, बाबा रोज दोन भोकं सैल करायचे.

"बाबा, त्याच्याखाली पाणी शिरतं. कातडीला चिकटून राहायला हवं ते."

"नको."

"अहो, पण का?"

"जाळा सुटला की दोरी सापासारखी पळते गो. हातात काय अडकलेला असला तर माणूस जातो दोरीबरोबर. ओढल्यावर निघत नाय असा काय हातात ठेवायचा नाय."

मला तेव्हा कळलं की त्यांच्या बोटात लग्नाची अंगठी का नाही. सव्वीस वर्षं मी समजत होते की ती कधीतरी मोडून खाल्ली.

"पण इथे कुठे आहे दोरी?"

"मना ठावूक हाय. हाताला ठावूक नाय."

पट्टा आवळलाच, तर दोन फेऱ्यांनी त्यांचा हात आपोआप तो सैल करून मोकळा व्हायचा. सर म्हणाले, "ते यंत्र डब्यात ठेवा. देवाने बोटं दिलीत." त्यांनी दाखवलं. जबड्याखाली, घशाच्या बाजूला दोन बोटं, हलकी, एकाच बाजूला. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा बघत दहा सेकंद मोजायचे आणि सहाने गुणायचे. फेरी संपताच लगेच मोजायला लागायचं, कारण माणूस थांबला की ठोके उतरायला लागतात आणि आकडा खोटा गोड दिसतो. दहा सेकंदांत अठरा, म्हणजे एकशे आठ. एकोणीस झाले की रेघ ओलांडली. आमच्या घरात तेव्हापासून एकशे दहा कोणी म्हणेना. अठराच म्हणायचे. आई चुलीपाशी बसून विचारायची, "अठरा झाले?"

झाले नाहीत. पहिल्या खऱ्या मोजणीत एका फेरीला एकवीस झाले.

मला वाटलं माझी बोटं चुकली. सरांनी मोजले, एकवीस. बाबा कठड्याला धरून उभे होते, तोंड उघडं, खांदे वरखाली. दुसऱ्या दिवशी बावीस. मग वीस. मग पुन्हा एकवीस. वादळात उलटलेल्या होडीपासून किनाऱ्यापर्यंत पोहत आलेला माणूस पंचवीस मीटरच्या टाकीत धापा टाकत होता. एक फेरी, थांबा, उतरेपर्यंत बसा, पुन्हा एक फेरी, पुन्हा रेघेच्या वर, मग घरी. मी सरांशी वाद घातला की तुमच्या पाण्यात औषध जास्त आहे. मग वाद घातला की भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं. बाबांनी पाण्यातून हात वर केला.

"तू गप रव गो. तू भांडायला लागलीस की माझे दोन वाढतात."

सरांनी गंमत म्हणून मोजले. खरंच वाढले होते. त्या दिवसापासून मी तलावाच्या आवारात तोंड बंद ठेवायला शिकले. मोर्च्यात मला हे कोणी शिकवू शकलं नव्हतं.

जून असाच गेला. बाहेर पाऊस, वर पत्र्यावर त्याचा एवढा आवाज की सर "सुरू" म्हणून ओरडायचे ते ऐकूच यायचं नाही, ते नुसता हात वर करून दहा सेकंदांनी खाली घ्यायचे. वहीत विसाच्या आसपासचे आकडे साचत होते. महिनाअखेरीला काका घरी आले. चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणते वही?" बाबा म्हणाले, "चाललाय." काकांनी मान हलवली आणि म्हणाले की त्या दुसऱ्या तांडेलालाही काहीतरी कळवायला हवं, तो किती दिवस थांबेल.

दुसऱ्या दिवशी तलावावर वीस आले. मी वही उघडली.

"अठरा लिव," बाबा म्हणाले.

"काय?"

"अठरा. दोनच तर कमी करायचे हायत."

"बाबा, खोटं लिहू?"

"का, तू कधी लिवला नायस? त्या बाजारातल्या नळासाठी तुम्ही बायका बसलात तेवा किती होता? मी सोता मोजलेला. ऐंशी. आनी पत्रकात काय लिवलास? हजारो. ऐंशीचे हजारो केलेस तेवा तुझा हात थरथरला नाय. मग बापाचे दोन ठोके कमी लिवायला काय झाला?"

सर शिट्टीशी चाळा करत दुसरीकडे बघत होते. हसत होते, मला माहीत आहे.

आमच्याकडे पत्रकात आकडा लिहायचा म्हणजे आधी तो फुगवायचा, हे मी इतरांकडून शिकले होते आणि मग मीच पोरींना शिकवलं होतं. सरकारी कागदावरचा खोटा आकडा दिसला की माझं रक्त उसळतं. आपला खोटा आकडा मात्र कामासाठी असतो. पाण्यातून वर बघणाऱ्या त्या माणसाला माझी ही सवय पाठ होती. आणि आता तो माझ्याकडे तेच मागत होता, जे मी गावभर वाटत आले होते.

पण हजारो लिहिल्याने त्या ऐंशी बायकांपैकी कोणी मेली नसती. इथे मरू शकत होतं.

मी वीस लिहिले. बाबांनी बघितलं. अंग पुसलं, कपडे केले आणि माझ्या पुढे निघून गेले. दोन दिवस आईमार्फत बोलत होते. "तिला सांग, तिची वही तिलाच ठेवू दे." आईने हेदवीच्या गणपतीला नवस बोलला होता, ती त्याच भरवशावर होती. तिला वही काय आणि पत्रक काय. ती मला म्हणाली, "लिहायचे होतेस की अठरा. गणपतीने बाकीचं बघितलं असतं." मी म्हटलं, "गणपती मोजत नाही, मी मोजते." मग तिचंही माझ्याशी बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "चल."

त्या दिवशी तलावात एक म्हातारे काका होते, बँकेतून निवृत्त झालेले, पन्नाशीनंतर याच टाकीत पोहायला शिकलेले. पोट सुटलेलं, हातपाय काटक्यांसारखे. त्यांनी सलग सहा फेऱ्या मारल्या, सावकाश, आवाज न करता. सरांनी त्यांच्या मानेला बोटं लावली आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोळा."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. "हा बालदीत शिकलाय," ते पुटपुटले.

"बालदीत शिकलाय म्हणूनच," सर कठड्यावर उकिडवे बसले. "त्यांना कोणी काही वाईट दाखवलं नाही पाण्यात. तांडेल, तुम्ही पोहता कसे, ठाऊक आहे? डोकं बाहेर, मान ताठ. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात. मग सगळं अंग उभं, आणि उभं अंग ढकलत न्यायचं. दमणार नाही तर काय होईल? चेहरा पाण्यात घाला, श्वासापुरता बाजूला वळवा. अंग आपोआप आडवं होईल."

"ते मना जमायचा नाय."

"का?"

बाबांनी जे सांगितलं ते मी घरातही कधी ऐकलं नव्हतं. समुद्रात पडलेला माणूस डोकं वर ठेवूनच पोहतो. त्याला बोट दिसायला हवी, टाकलेली दोरी दिसायला हवी, मागून येणारी लाट दिसायला हवी. त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच शिकवलं, त्यांनी मला. "पाण्यात तोंड खाली घालून तरंगणारा आमी एकच माणूस बघितलाय," बाबा म्हणाले, "जो मेलेला असतो. शेजारच्या बोटीवरचा खलाशी होता, दोन दिवस सापडत नव्हता. मना लांबून पाठ दिसली. शर्टाला धरून मीच उलटा केला त्याला." एवढं बोलून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "तोंड खाली घातला की तोच दिसतो."

बँकवाले काका कठड्याला धरून राहिले होते. सर म्हणाले, "आज पुरे."

मला तेव्हा राग कुणावर काढावा हे कळेना. माझा सगळा संताप कोणीतरी समोर असेल तेव्हाच चालतो. इथे समोर कोणी नव्हतंच. ज्या सवयीने हा माणूस पस्तीस वर्षं जिवंत परत आला, तीच सवय त्याला आता बोटीवर जाऊ देत नव्हती.

दोन दिवसांनी न्हाणीतून आईची किंकाळी आली. धावले. बाबा ओणवे होऊन तोंड बादलीत घालून बसले होते. आईने मागून बंडी धरून त्यांना ओढलं.

"अगो बाय! काय करताय हे?"

बाबांच्या नाकातोंडातून पाणी. "पोहायला शिकतोय."

"मग पस्तीस वर्षं समुद्रात जात होतात ते काय फिरायला?"

मला हसू आवरेना. बाबांनाही आवरेना. आमचं बोलणं सुरू झालं ते असं.

तलावात मात्र पहिल्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. तोंड पाण्यात घातलं, तीन हात मारले आणि ते धडपडत उभे राहिले. डोळे लाल. मोजले तर बावीस, आणि अजून अर्धी फेरीही झाली नव्हती. अट ती अट. बाहेर. मी वहीत बावीस लिहिले आणि पुढे लिहिलं, 'तोंड खाली, पहिला दिवस'. मनातून मी हरले होते. दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं धरून मी चालले होते. ते आले, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी म्हणाले, "तू बाजूने चाल."

"म्हणजे?"

"मी पोहतोय त्याच्या बरोबरीने, कठड्यावरून. मी तोंड वळवला की मना तुझे पाय दिसले पाहिजेत. मग माझा भागेल."

मी चालले. चपला काढून, ओल्या लाद्यांवर, त्यांच्या वेगाने. ते तोंड वळवायचे, एक डोळा पाण्याबाहेर यायचा, माझ्या पायांवर ठरायचा आणि पुन्हा खाली. जिथे बोट दिसायची तिथे आता माझी पावलं होती. त्या टोकापर्यंत, या टोकापर्यंत. दवाखान्यातल्या चित्रातला तो बूटवाला माणूस मला आठवला. मीही हृदयासाठीच चालत होते, फक्त ते माझं नव्हतं.

वीस आले. दोन दिवस वीस. मग एकोणीस, एकोणीस, पुन्हा वीस, पाऊस जोराचा होता आणि त्यांना पत्र्याच्या आवाजात काहीतरी दुसरंच ऐकू आलं असावं. मग एका सोमवारी मी दहा सेकंद मोजले आणि थांबले. सरांना म्हटलं, तुम्ही मोजा. त्यांनी मोजले. दोघांनी एकदम म्हटलं, "अठरा." बाबा म्हणाले, "मी सतरा मोजलेत." सर म्हणाले, "तुमचं मत विचारलेलं नाही."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते एका फेरीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, अशा आठ फेऱ्या मारत होते, प्रत्येक फेरीला थांबून, मोजून. सतरा, अठरा, सतरा. तपासणीच्या यंत्रावर अनवाणी चालू देत नाहीत असं कळलं, तेव्हा बँकवाल्या काकांनी आपले पांढरे बूट दिले. ते घालून बाबा दवाखान्यात शिरले तेव्हा मी मुद्दाम भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं नाही.

तपासणी झाली. मॅडमनी कागद बघितला, मग वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. एकवीस, बावीस, वीस. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मॅडम एका ओळीवर थांबल्या. "'तोंड खाली, पहिला दिवस', हे काय आहे?" बाबांनी सांगितलं, अगदी थोडक्यात, खलाशाबद्दल न बोलता. मॅडमनी वही मिटली.

"लोक मला छान छान आकडे आणून दाखवतात," त्या म्हणाल्या. "त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही, म्हणून मी नाही म्हणते. यावरून ठरवता येतंय. आकडे चढले कुठे आणि उतरले कशाने, ते दिसतंय. जा बोटीवर. पण सुकाणूवरच. जाळं ओढायचं नाही, पेटी उचलायची नाही. दिवाळीपर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आणि हे सगळं खलाशांना तुम्ही स्वतः सांगायचं. तुमची मुलगी नाही, भाऊ नाही. उद्या छातीत दुखलं तर बोटीवर ज्यांना काय करायचं ते कळायला हवं, ते तेच आहेत."

परतताना रिक्षात बाबांनी बूट काढून ठेवले, पण खूश दिसत नव्हते. मला कारण माहीत होतं. तांडेल खलाशांपुढे दमलोय असं म्हणत नाही. जाळ्याला पहिला हात त्याचा. तो हात मागे घेणं, आणि ते सगळ्यांसमोर तोंडाने सांगणं, हे बादलीत तोंड घालण्यापेक्षा अवघड होतं.

बंदी उठल्यावर पहिल्या सकाळी जेटीवर गर्दी होती. काका होते, सहा खलाशी होते. मी मागे उभी होते आणि तोंड बंद ठेवलं होतं. बाबा फळीवर चढले.

"ऐका. मी सुकाणूवर बसणार. जाळ्याला हात लावणार नाय. पेटी उचलणार नाय. डॉक्टरनी सांगितलाय आनी मी कबूल केलाय."

काका दोरी सोडवत होते, त्यांचा हात थांबला. मग सगळ्यात म्हातारा खलाशी म्हणाला, "म्हंजे आजपासून आमचा तांडेल साहेब झाला!"

"साहेब तर साहेब. आनी मी अशी मानेला बोटं लावली की गप बसायचा. मधे बोललास तर मोजणी चुकते. बगा, इथं. दाबायचा नाय."

सहाच्या सहा जणांनी आपापल्या मानेला बोटं लावली. एक ओरडला, "माझा लागतच नाय!"

"मग तू कवाच मेलायस. उतर खाली."

हशा झाला. काकाही हसले, आणि त्यांनी दुसऱ्या तांडेलाला फोन केला की नाही ते मला कधी विचारावं लागलं नाही. बाबांनी माझ्याकडून वही मागून घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पेन आत खोचून, सुकाणूजवळच्या खणात ठेवली. घड्याळ लागेल म्हणून भावाचं ते यंत्रही नेलं, पण मनगटावर नाही. खिळ्याला टांगून, सेकंद बघायला.

त्या दिवशी मी बाजारातल्या नळाचं नवं पत्रक लिहायला बसले. बायकांच्या सह्या असलेली यादी समोर होती. मी मोजली आणि लिहिलं, 'आम्ही त्र्याऐंशी जणी'. संघटनेतल्या दोघी वैतागल्या. "एवढाच आकडा? कोण घाबरेल गो याला?" मी म्हटलं, घाबरू देत नाहीतर नको, पण कोणी मोजायला आला तर त्र्याऐंशी सापडतील.

संध्याकाळी बोट लागली. बाबा उतरले, हातात काही नव्हतं, फक्त पिशवी. माझ्याकडे दिली आणि आईला फोन लाव म्हणाले. मी वही उघडली. त्यांच्या अक्षरात, पेन रुतवून लिहिलेलं होतं.

'१७. १७. मग १९. लाट होती, पोरांना जाळा जमत नव्हता, उठावासा वाटला. नाय उठलो. बसून मोजला. १७.'

एकोणीस त्यांनी खोडले नव्हते.